नुसत्या तेलानं भागत नाही, क्लॅरिनेटच्या पेटीत ओल हवी

"महिन्यातून एकदा आतून तेल फिरवलं की लाकडी क्लॅरिनेट तडकत नाही" असं सांगितलं जातं. आमच्या विदर्भातल्या उन्हाळ्याला ते पुरत नाही. ४५ अंशांत बाहेरचं लाकूड वाळून आकसतं, फुंकेच्या वाफेनं आतलं फुगतं आणि या ओढाताणीत तडा जातो. बहुतेकदा वरच्याच तुकड्याला, कारण गरम ओली फुंक आधी तिथं पोचते. यवतमाळकडच्या एका गावात मे महिन्यातल्या लग्नात माझ्या वाद्याला असाच केसाएवढा तडा गेला. तेल वेळेवर लावलेलं होतं, पण पेटी दुपारभर टिनाच्या छपराखाली पडून होती. फार जीव तुटला तेव्हा.

तेव्हापासून पेटीत ओल ठेवतो. संत्री आहेत तोवर ताजी साल, दोन दिवसांनी बदलायची, नाहीतर बुरशी धरते. संत्री संपली की भोकं पाडलेल्या साबणदाणीत घट्ट पिळलेला स्पंज. पावसाळ्यात मात्र हे बंद, तेव्हा वाद्याची भोकं झाकणारे पॅड आधीच दमट होऊन चिकटतात. आणि उन्हात चालत वाजवायचं असेल तर सरळ प्लास्टिकचं घ्या. लग्नसराईत मी आता तेच नेतो, लाकडी घरी रियाजाला.