इंदूर: सातवीतल्या लेकीच्या हिंदीसाठी घरातली मराठी बंद करावी का? मदत हवी आहे

नाशिकहून_इंदूरला

नमस्कार. मे महिन्यात ह्यांची बदली झाली आणि आम्ही नाशिकहून इंदूरला आलो. राजेंद्र नगरात घर मिळालं, मजल्यावरच दोन मराठी कुटुंबं आहेत, त्यामुळे परकं वाटलं नाही. अडचण लेकीच्या शाळेत आली आहे. ती सातवीत आहे, सीबीएसई, इंग्रजी माध्यम. बाकीचे विषय मार्गी लागले, हिंदीत मात्र पोर पार खचली आहे.

नाशिकला हिंदी पाचवीपासून होती. धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं पाठ करायची, परीक्षेत लिहायची. गुण नेहमी चांगले असत. इथे वर्गातल्या बहुतेक मुलांची हिंदी ही घरची भाषा, आणि अपेक्षाही त्याच हिशेबाने. दर शुक्रवारी २० शब्दांचा श्रुतलेख. पंधरा दिवसांतून एकदा १५० शब्दांचा अनुच्छेद, तोही स्वतःच्या अनुभवावर. गाइडमधून उतरवलेला बाई लगेच ओळखतात. कवितेचा भावार्थ आपल्या शब्दांत. महिन्याला वाचनालयातलं एक पुस्तक आणि त्यावर एक पान: कोणतं पात्र आवडलं, का आवडलं, त्याचं कुठे पटलं नाही. अंतर्गत २० गुणांपैकी १० कसोटीचे, ५ वहीचे, ५ उपक्रमांचे. हे सगळं मला आवडलंय, हे आधीच सांगते. भाषा अशीच शिकवायला हवी. बाई वही ओळ न ओळ तपासतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

परवा तिची वही घेऊन बसले. ‘मैं आम खाया’, ‘आजी को पूछा’, ‘दुकान बंद था’. ‘कवि’च्या जागी ‘कवी’, ‘शांति’च्या जागी ‘शांती’. प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंब, आणि त्या प्रत्येक टिंबावर लाल पेनाने ओढलेला हिंदीचा उभा दंड (।). एका अनुच्छेदात तिने लिहिलं होतं की काच फोडली म्हणून भावाला ‘शिक्षा मिली’. समासात बाईंचा प्रश्न: ‘कौन-सी शिक्षा?’ लेक मला म्हणाली, “आई, बाईंना कळलंच नाही, आणि मला सांगताही आलं नाही.” मैदानावर ऐकून ‘अपन’ आणि ‘मेरेको’ शिकली, तेही वहीत आलं, तेही कापलं गेलं. आता ती अनुच्छेद चार-पाच ओळींतच संपवते. जेवढं कमी लिहू तेवढं लाल कमी, असं तिने मनाशी ठरवलंय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

पालकसभेत बाई म्हणाल्या, काही महिने घरी फक्त हिंदी बोला, मराठी बंद ठेवा. चार दिवस करून पाहिलं. सासूबाईंचे डोळे अधू झाल्यापासून रात्री जेवणं झाली की लेक त्यांना मराठी पुस्तक वाचून दाखवते, हा नाशिकपासूनचा नेम. चौथ्या रात्री सासूबाई चष्म्याचं घर हातात धरून पलंगावर बसून होत्या आणि ही दाराशी उभी, आत जावं की नाही ते तिला कळेना. मी म्हटलं, जा, वाच.

तर विचारायचं आहे ते हे. मराठी बंद केल्याने हिंदी खरंच सुधारते का? आणि अर्धवार्षिक परीक्षेपर्यंत घरी नेमकं काय करून घेऊ? शिकवणी लावायची तयारी आहे, पण आधी तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.

रामबागकर

ताई, आमची इथली चौथी पिढी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आम्ही सगळे असेच वाढलो. मराठी बंद करू नका. तुमच्या सासूबाईंनी काय करायचं मग?

एक लक्षात घ्या, इथल्या मैदानावरची हिंदी आणि वहीतली हिंदी वेगळी. ‘अपन’, ‘भिया’, ‘मेरेको’ हे इंदूरचं बोलणं आहे, ते तिला येऊ द्या, त्यानेच मैत्रिणी होतील. फक्त वहीत ‘हम’ आणि ‘मुझे’ लिहायचं, एवढं वेगळं काढून सांगा.

निवृत्त_हिंदी_शिक्षिका

मी मराठी घरातली, आणि इंदुरातच वर्षानुवर्षं माध्यमिक वर्गांना हिंदी शिकवलं. तुम्ही दिलेल्या चुका दोनदा वाचल्या. यातली एकही चूक आळसाची किंवा अज्ञानाची नाही. तुमची मुलगी मराठीचे नियम अगदी बरोबर लावते आहे, फक्त ते हिंदीला लावते आहे.

‘मैं आम खाया’ घ्या. मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘तिने खाल्ला’, पण ‘मी खाल्ला’, ‘तू खाल्लास’. मी आणि तू यांना आपण ‘ने’ लावत नाही, हिंदी लावते. म्हणून ‘उसने खाया’ ती बरोबर लिहीत असणार आणि ‘मैं’ला चुकत असणार. वही उघडून बघा. उलटी चूकही सापडेल: ‘त्याने पुस्तक आणलं’ म्हणून ‘उसने किताब लाई’. हिंदीत ‘लाना’ला ‘ने’ लागत नाही, ‘वह किताब लाया’.

‘आजीला विचारलं’ म्हणून ‘को पूछा’. हिंदीत ‘से पूछा’. लिंगाचं असं की आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोन. आपलं नपुंसकलिंग बहुतेक वेळा तिकडे पुल्लिंग होतं: घर, फूल, पाणी, शहर. जे होत नाहीत तेवढेच पाठ करून घ्या: पुस्तक, दुकान, नाक, सरकार हे स्त्रीलिंगी. आपले पुल्लिंगी आवाज आणि विजयसुद्धा तिकडे स्त्रीलिंगी.

‘कवी’, ‘शांती’, ‘गुरू’ हे मराठीत बरोबरच आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो. हिंदीने संस्कृतातलं ऱ्हस्व रूप ठेवलं: कवि, शांति, गुरु. हे कारण तिला सांगा. कारण कळलं की बारा वर्षांचं मूल फार लवकर सुधारतं. नुसता लाल गोल पाहून ते घाबरतं.

‘शिक्षा’सारख्या शब्दांची वेगळी वही करा. डावीकडे मराठी अर्थ, उजवीकडे हिंदी. शिक्षा म्हणजे तिकडे शिक्षण. अभ्यास म्हणजे सराव. चेष्टा म्हणजे प्रयत्न. संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपत्ति म्हणजे हरकत. चरित्र म्हणजे चारित्र्य किंवा पात्र. यंत्रणा म्हणजे यातना. खाली म्हणजे रिकामं. नवा शब्द सापडला की तो तिने स्वतः लिहायचा.

आता मराठी बंद करण्याविषयी. मी बाईंच्या जागी बसलेली आहे, त्यामुळे त्यांची घाई समजते. पण हे त्यांना विनयाने सांगा की मुलीला ज्या भाषेत विचार करता येतो ती काढून घेतली तर अनुच्छेदात लिहायला काहीच उरणार नाही. २०२०च्या शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलंय. गजानन माधव मुक्तिबोध याच भागातले, मराठी घरातले, श्योपूरला जन्मले, इंदूरला कॉलेजात शिकले. ते हिंदीचे मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीचे. एकाच घरात.

रोज २० मिनिटं पुरतात. अनुच्छेद आधी मराठीत तोंडी सांगू दे, आजींनाच सांगू दे. मग हिंदीत लिहू दे. लिहून झाल्यावर पहिल्या वाचनात फक्त ‘ने’ तपासायचा, दुसऱ्यात फक्त लिंग. सगळं एकदम तपासायला लावू नका. वाचनासाठी भोपाळच्या एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ हे मुलांचं मासिक आणा, १९८५पासून निघतंय, भाषा सोपी आणि जिवंत आहे. शिकवणी सध्या नको.

नाशिकहून_इंदूरला

बाई, तुमचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. ‘उसने’ आणि ‘मैं’चं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, वहीत ‘उसने’ एकदाही चुकलेलं नाही. ते पाहून तिचा चेहराच बदलला. “म्हणजे मला येतं की,” म्हणाली.

तीन आठवडे झाले. खजुरी बाजारातून दोन वह्या आणि मासिकाचे जुने अंक आणले. शब्दांच्या वहीत ३१ शब्द झालेत. श्रुतलेखात ११वरून १६वर आली. बाईंनाही भेटले, तुमचं म्हणणं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शब्दांची वही वर्गात आणायला सांगितली, कारण वर्गात आणखी तीन मुलं मराठी आहेत. परवाचा अनुच्छेद दीड पानाचा झाला, आजीला वाचून दाखवण्यावरच लिहिलाय. लाल खुणा आहेत, पण तिने त्या मोजल्या नाहीत.

एक विचारायचं राहिलं. ‘लाना’सारखी, ‘ने’ न लागणारी अजून कोणती क्रियापदं तिला आत्ताच सांगून ठेवू?

निवृत्त_हिंदी_शिक्षिका

‘भूलना’ आणि ‘बोलना’. दोन्ही तिला सोपी जातील, मराठीतही ‘तो विसरला’, ‘तो बोलला’ असंच आहे. तिने लिहिलेला तो अनुच्छेद इथे टाकता आला तर टाका, वाचायचा आहे.