ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५: बॅलन्सिंग करूनही शंभरच्या आसपास स्टिअरिंग थरथरतंय

म्हापशेकर_२४५:
नमस्कार मंडळी. गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५, २०२० ची, सेकंड हँड घेतलेली. इंजिन, सस्पेन्शन सगळं स्टॉक (कंपनीचंच), फक्त पावसाळ्याआधी १८ इंचीच पण आफ्टरमार्केट (बाहेरच्या कंपनीचे) अलॉय रिम टाकले आणि त्यावर नवे टायर, २२५/४० आर१८. म्हापसा ते वेर्णा रोजचं जाणं, पर्वरीच्या त्या खोदकामात स्पीड कसला मिळतोय, त्यामुळे पावसाळाभर काही जाणवलंच नाही. चतुर्थीनंतर कुडाळला मामाकडे गेलो तेव्हा पत्रादेवी ओलांडून झारापकडे मोकळा रस्ता मिळाला आणि ९० च्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. १०० ते ११० ला सगळ्यात जास्त, अगदी घड्याळाचा पट्टा मनगटावर हलतो इतकं, आणि त्याच्या वर गेलं की परत कमी होतं. ८० च्या खाली गाडी लोण्यासारखी.

टायरवाल्याकडे चारही चाकं बॅलन्स करून घेतली (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायला बारीक वजनं लावतात ते), मशीनवर शून्य शून्य माझ्या डोळ्यांसमोर आलं. अलाइनमेंट पण केलं. फरक काहीच नाही. मग एका वर्कशॉपमध्ये दाखवली तर ते म्हणतात दोन्ही लोअर आर्म (पुढची चाकं धरणारे खालचे दांडे) बदला आणि नाही गेलं तर स्टिअरिंग रॅक. कोटेशन बघून डोळे पांढरे झाले. एवढा खर्च करण्याआधी घरच्या घरी काय काय बघता येईल?

टर्बोतात्या:
ब्रेक मारल्यावर वाढतं का? हवा किती ठेवतोस? आणि ११० ला टेस्टिंग करणं बंद कर, चारपदरी हायवेला कारची लिमिट १०० आहे, कुठे कुठे त्याहून कमीचे बोर्ड आहेत. ९० लाच येतंय ना, तेवढं पुरे आहे शोधायला.

पेडणेकर_टीएसआय:
मला इनर सीव्ही जॉइंटचा (गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद नेणाऱ्या शाफ्टचा आतला सांधा) संशय येतोय. ३७० न्यूटन मीटर टॉर्क पुढच्या दोनच चाकांवर, त्यात सेकंड हँड गाडी, आधीच्या मालकाने लाँच (उभ्या गाडीला एकदम पूर्ण ताकद देऊन सुटणं) मारून मारून जॉइंटची वाट लावली असेल. माझ्या ओळखीतल्या एकाची डिट्टो अशीच थरथरायची, शाफ्ट बदलल्यावर गेली.

फोंड्याचा_पाना:
थांबा जरा, लगेच पार्ट बदलायला निघू नका. भाऊ, तू लिहिलंयस त्यातच अर्धं उत्तर आहे. ठरावीक स्पीडला येतं आणि वर गेलं की कमी होतं, म्हणजे फिरणारी कुठलीतरी वस्तू मध्यावर नाही किंवा समतोल नाही. लोअर आर्मचा बुश गेला, टाय रॉड एंड ढिला झाला तर तो स्वतःहून कंप तयार करत नाही, चाकाकडून आलेला कंप तो मोठा करून हातात देतो एवढंच. आणि अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढेल, टायर खाईल, पण थरथर सहसा त्याची नसते. पण आपल्याकडे काही झालं की पहिलं अलाइनमेंटचं बिल फाडतात.

तुझ्या साइजचा टायर एका फेऱ्यात साधारण २ मीटर जातो. १०० च्या स्पीडला सेकंदाला जवळजवळ १४ फेरे झाले. रिमच्या कडेला नुसतं २० ग्रॅम कमीजास्त असेल तर त्या स्पीडला साडेतीन किलोच्या आसपास जोर बसतो, आणि तो दर फेऱ्याला दिशा बदलतो. ५० च्या स्पीडला तोच जोर पाव होतो, म्हणून खाली काही कळत नाही. आणि सस्पेन्शन नि स्टिअरिंगची स्वतःची एक थरथरण्याची गती असते, चाकाचे फेरे तिच्याशी जुळले की कंप चढतो आणि ती मागे पडली की उतरतो.

आता रस्त्यावर बघायचं ते असं. गर्दी नसताना ९५ वर स्थिर धर आणि बघ थरथर स्टिअरिंगला जास्त आहे की सीटला. स्टिअरिंगला असेल तर पुढची चाकं, सीट आणि फरशीला असेल तर बहुतेक मागची. मग ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचल, गाडी आपोआप मंदावू दे. दाब दिल्यावरच थरथर आणि पाय काढला की गायब, असं असेल तर पेडणेकर म्हणतात तो इनर जॉइंट. पाय काढूनही तशीच राहिली तर जॉइंट विसर. फक्त ब्रेकवर येत असेल तर ब्रेक डिस्क, पावसात गाडी उभी राहून गंज धरला की पॅडच्या जागी छाप उमटतो आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही.

आणि मशीनवर शून्य आलं म्हणजे गाडीवर शून्य आलं असं अजिबात नाही. मशीन रिमला मधल्या भोकात शंकू घालून मध्यावर धरतं. गाडीवर तो शंकू नसतो. तिथे चाक मध्यावर धरायचं काम हबच्या (रिम ज्यावर बोल्टने बसते तो गाडीचा भाग) मधल्या उंचवट्याचं, आणि तो रिमच्या भोकात घट्ट बसला तरच. स्कोडाच्या हबचा व्यास ५७.१ मिमी आहे. आफ्टरमार्केट रिम बऱ्याच गाड्यांना चालावी म्हणून भोक मोठं ठेवतात, ६६.६ किंवा ७३.१ वगैरे, आणि मधली फट भरायला हब रिंग घालायची असते. ती घातलीय का? चाक अर्धा मिलिमीटर जरी बाजूला बसलं तर वीसेक किलोच्या चाकाला ते रिमच्या कडेला चाळीसेक ग्रॅम चुकीचं वजन लावल्यासारखंच झालं. मशीनला ते कधीच दिसणार नाही.

आधी ते बघ.

लालमाती_६६:
वरच्यांनी लिहिलंय ते बरोबरच पण दोन फुकटच्या गोष्टी आधी करा. चाक काढून रिमची आतली बाजू बघा. आमच्या सत्तरी-डिचोलीच्या बाजूला पावसात लाल माती रिमच्या आत जाऊन बसते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते, बाहेरून धुतली तरी जात नाही, खरवडून काढावी लागते. तिच्यावरच बॅलन्सिंगचे स्टिकर वेट चिकटवलेले पण बघितलेत मी, माती निघाली की वेटपण निघतात आणि मग परत थरथर. दुसरं म्हणजे हबचा चेहरा, जिथे रिम टेकते ती सपाट जागा. आपल्या खाऱ्या हवेत तिथे गंजाचे पापुद्रे धरतात, एका बाजूला पापुद्रा राहिला की चाक किंचित तिरकं बसतं. तारेच्या ब्रशने लख्ख करायचं आणि रिमची टेकणारी बाजू पण.

पर्वरीतून रोज जातोस म्हणतोस तर रिम बेंड पण बघ. चाक जॅकवर उचलून पेन कशालातरी टेकवून टोक रिमच्या काठापासून केसभर लांब धरायचं आणि चाक हाताने फिरवायचं, फट कमीजास्त झाली की कळतं. आतल्या काठालाही बघ, खड्ड्यात बेंड बहुधा आतूनच येतो.

पेडणेकर_टीएसआय:
मान्य, पाय काढून बघायची टेस्ट मी विसरलोच होतो. पण नवा टायरच खराब असू शकतो ना? बॅलन्स बरोबर असला तरी.

फोंड्याचा_पाना:
असू शकतो. टायरचा एक भाग कडक एक भाग मऊ असेल तर वजन सगळीकडे सारखं असूनही रस्त्यावर दाबल्यावर तो उड्या मारतो. साध्या मशीनला ते कळत नाही, टायरवर रोलर दाबून मोजणारं मशीन वेगळं असतं. शिवाय टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून होता का तेही बघा, साइडवॉलवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. गाडी महिनाभर एका जागी उभी असेल तर टायरला खाली चपटेपणा येतो पण तो बहुतेक वेळा थोडं चालवून गरम झाल्यावर जातो. याची तर रोज चालते.

म्हापशेकर, कंपनीची जुनी रिम ठेवलीत का? असतील तर ती पुढे लावा, त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला चालवा. यापेक्षा स्वस्त टेस्ट नाही.

म्हापशेकर_२४५:
मंडळी, बरंच काही सापडलं. थरथर स्टिअरिंगलाच, सीटला जवळजवळ नाही. पाय काढला तरी तशीच, ब्रेकवर काही फरक नाही. जुन्या रिम टायरसकट माळ्यावर होत्या, काल भावाबरोबर पुढची दोन चाकं बदलली आणि मोपाच्या लिंक रोडपर्यंत जाऊन आलो. थरथर शून्य. म्हणजे लोअर आर्म, रॅक सगळं वाचलं.

मग नवी रिम उलटी करून बघितली. हब रिंग नाहीच. भोक व्हर्नियरने मोजलं तर ६६.६. हबवर ठेवल्यावर बोट आत जाईल एवढी फट दिसते. रिम टाकणाऱ्या दुकानात फोन केला तर म्हणे रिंग लागत नाही, बोल्टच चाक मध्यावर आणतात, आमच्याकडच्या सगळ्या गाड्या अशाच जातात. हे खरं का?

आणि एक, बोल्ट त्यांनी जुनेच वापरलेत, कंपनीचे.

फोंड्याचा_पाना:
हे शेवटचं वाक्य तू पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंस रे! ती रिम आता गाडीला लावू नकोस.

कंपनीचा बोल्ट काढून डोक्याखालची बाजू बघ. गोल आहे, चेंडूसारखी. आता नव्या रिमच्या बोल्टच्या खड्ड्यात बोट फिरव, बहुतेक आफ्टरमार्केट रिमला तिथे सरळ उतार असतो, शंकूसारखा. गोल डोकं शंकूत बसवलं तर टेकतं एका बारीक रेघेवर, पूर्ण पृष्ठभागावर नाही. टॉर्क बरोबर दाखवतो, पण पकड नसते, चालवताना बोल्ट ढिला होतो आणि रिमची जागा खाल्ली जाते. थरथर परवडली, ही गोष्ट चाक सुटण्यापर्यंत जाऊ शकते. खड्डे गोल आहेत की शंकू ते आधी सांग.

दुकानवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. शंकूचे बोल्ट चाकाला मध्याकडे ओढतात. पण चाक लटकत असताना स्वतःच्या वजनाने खाली सरकलेलं असतं आणि हे लोक पहिलाच बोल्ट इम्पॅक्ट गनने टर्रकन आवळतात, झालं, जिथे होतं तिथेच पकडलं गेलं. एकदा चांगलं बसेल, पुढच्या पंक्चरला वाकडं बसेल. रिंग असली की प्रश्नच येत नाही.

म्हापशेकर_२४५:
शंकूच आहे. आणि खड्ड्यात खरंच एक चकचकीत बारीक रेघ पडलीय, बाकी रंग तसाच. जुन्या रिमवर गाडी ठेवलीय, मागच्या पण बदलल्या.

लालमाती_६६:
बाप रे. देव बरें करूं, वेळेत बघितलंस.

फोंड्याचा_पाना:
रेघ फक्त घासल्याची असेल तर रिम वाचेल, खाच पडली असेल किंवा भोक लांबट झालं असेल तर ती रिम बाद. चांगल्या उजेडात वीसच्या वीस खड्डे बघ.

बोल्ट एम१४ बाय १.५ (१४ मिमी जाड, आटे १.५ मिमीवर), शंकू ६० अंशाचा, आणि लांबी रिमच्या जाडीप्रमाणे, निदान साडेसात-आठ फेरे तरी हबमध्ये गेले पाहिजेत आणि फार लांब पण नको नाहीतर मागे कशाला तरी लागेल. हब रिंग ६६.६ बाहेर, ५७.१ आत. प्लास्टिकची पण चालते, तिच्यावर गाडीचं वजन येत नाही, ते बोल्टच्या दाबावर असतं, ती नुसती मध्य धरते. पण ब्रेक तापवत चालवणारा असशील तर ॲल्युमिनियमची घे. ॲल्युमिनियमचा एक त्रास, आपल्या हवेत ती हबला चिकटून बसते, म्हणून आत किंचित कॉपर ग्रीस, नखाएवढंच. बोल्टच्या आट्यांना आणि शंकूला ग्रीस अजिबात नको.

बसवताना चाक हवेत असतानाच पाचही बोल्ट हाताने फिरवून टेकव, मग पान्याने चांदणीच्या क्रमाने थोडे थोडे, गाडी खाली टेकल्यावर टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटर. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर परत एकदा चेक. गन लांब ठेव.

म्हापशेकर_२४५:
आठवड्याने लिहितोय. सगळे खड्डे ठीक निघाले, खाच नव्हती. रिंग आणि बोल्ट कुरियरने मागवले, काल बसवले आणि सकाळी झारापपर्यंत जाऊन आलो. नव्वद टक्के गेली. पण ९८ च्या आसपास अजून बारीक गुणगुण आहे, डाव्या बाजूने असल्यासारखी.

फोंड्याचा_पाना:
आता परत बॅलन्सिंग कर, पण यावेळी टायरवाल्याला सांग शंकू रिमच्या आतल्या बाजूने घाल, हबकडची बाजू मशीनिंग केलेली असते. जुने सगळे वेट काढून शून्यातून सुरुवात कर. आणि शून्य आलं की चाक मशीनवरून सोडवून अर्धा फेरा फिरवून परत लावून बघायला लाव. तेव्हा पण शून्यच आलं पाहिजे. पंधरा-वीस ग्रॅम दाखवलं तर चाक मशीनवरच वाकडं धरलंय. टायरवाला कुरकुरेल, चहा पाज. तरीही राहिली तर पुढचं डावं चाक मागे टाक आणि गुणगुण सीटला गेली का बघ. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला ठेव.

कोलवाळचा_जीटीआय:
धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या पोलो जीटीआयच्या रिमचं मधलं भोक ७३.१ चं आहे आणि तशी रिंग कुठे मिळत नाहीये. मी म्हापशात लेथवर ॲल्युमिनियमची करून घेऊ का?

फोंड्याचा_पाना:
घे की. हब तुझाही ५७.१ च आहे, पण लेथवाल्याला आकडा सांगू नकोस, हब आणि रिम दोन्ही व्हर्नियरने त्यालाच मोजायला लाव, रंगाचा थर धरून. हाताने दाबून बसली पाहिजे, हातोडी लागली तर परत लेथवर. आणि बोल्ट कुठले लावलेत तेवढं आज रात्रीच बघ.