नव्या घराभोवतीचा चिखल : बाग होईपर्यंत काय करावे?

प्रश्न

आमच्या घराचे बांधकाम नुकतेच पूर्ण झाले असून आम्ही राहायलाही आलो आहोत. बागेचे आणि फरसबंदीचे काम मात्र आणखी सहा-सात महिने होणार नाही. घराच्या चारही बाजूंना उघडी चिकण माती आहे. एक सर पडली की फाटकापासून दारापर्यंत येणे अवघड होते आणि मुलांच्या पायांबरोबर चिखल थेट घरात येतो. मागच्या भिंतीलगत तर पाऊस थांबल्यावरही दोन-दोन दिवस पाणी साचून राहते. एकाने वाळू पसरण्यास सुचवले, दुसऱ्याने सगळीकडे खडी टाकण्यास सांगितले. पुढच्या बागेला बाधा येणार नाही आणि आज केलेला खर्च वाया जाणार नाही, असा उपाय कृपया सुचवावा.

उत्तर १

भिंतीलगत साचणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त आपण सर्वांत आधी करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण ते पाणी पायाशी मुरत राहिले तर भिंतींना ओल धरते. बांधकामात वरचा भुसभुशीत थर खरवडला जातो, पायाच्या खोदाईतून निघालेली चिकण माती त्या जागी पसरली जाते आणि यंत्रांच्या चाकांखाली ती इतकी दबते की पाण्याला मुरायला वावच उरत नाही. त्यात छपराचे पाणी भिंतीच्या पायथ्याशीच पडत असेल, तर १०० चौरस मीटर छपरावर पडलेल्या अवघ्या १० मिलिमीटर पावसाचे सुमारे १,००० लिटर पाणी तिथे येते. म्हणून छपरावरून उतरणाऱ्या नळांना तात्पुरते पाइप जोडून ते पाणी भिंतीपासून निदान दोन मीटर दूर, उताराच्या दिशेला सोडावे.

त्यानंतर जमिनीचा उतार पाहावा. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन सुमारे १५ सेंटिमीटर खाली गेलेली असावी. भर घालायची झाल्यास ती चिकण मातीचीच, थराथराने दाबून घालावी. वाळू किंवा राडारोडा घातल्यास पाणी त्यातून झिरपून पायाशीच पोहोचते. भर जोत्याच्या ओलावारोधक थरापर्यंत (जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणाऱ्या थरापर्यंत) मात्र चढू देऊ नये.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वाळूचा विचार आपण सोडून द्यावा, कारण चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळल्याने निचरा सुधारत नाही आणि वाळल्यावर ती माती अधिकच कठीण होते. मुरूमही तपासूनच घ्यावा. त्यात मातीचे प्रमाण जास्त असेल तर पावसात तोच निसरडा होतो.

सगळीकडे खडी टाकण्याचीही गरज नाही. माणसे रोज जिथून चालतात तेवढीच वाट पक्की करावी : आधी जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती आणि खडी एकमेकांत मिसळू न देणारे कृत्रिम कापड) अंथरावे आणि त्यावर २० ते ४० मिलिमीटरची, फोडलेली, कोनदार खडी सुमारे १० सेंटिमीटर जाडीची पसरावी. कापड नसेल तर खडी हळूहळू चिखलात बुडते, आणि गोल गोटे एकमेकांत अडकत नसल्यामुळे पायाखाली सरकतात. ही वाट भविष्यातील फरसबंदीच्या जागीच आखली, तर तीच खडी पुढे पायाभरणीस उपयोगी पडते. उरलेल्या जागेवर ५ ते ८ सेंटिमीटर पेंढा किंवा लाकडाचा भरड चुरा पसरावा, म्हणजे पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटणार नाही. लाकडाचा चुरा भिंतीला टेकू देऊ नये, कारण त्याच्या आडोशाने वाळवी घरापर्यंत येऊ शकते.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. बाग करताना हा पेंढा काढून टाकावा लागेल का? आणि मोकळ्या जागेत गाडी उभी केली तर चालेल का?

उत्तर ३

पेंढा मातीत मिसळता येतो, परंतु तो कुजताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र वापरतात, त्यामुळे लागवडीच्या काही आठवडे आधी तो चांगल्या कुजलेल्या खतासह मिसळावा. लाकडाचा चुरा मात्र मातीत गाडू नये. तो बाजूला काढून नंतर झाडांच्या बुंध्यांभोवती, खोडाला न टेकवता, आच्छादन म्हणून वापरावा. सहा-सात महिने हाताशी असल्यामुळे, जिथे वावर कमी आहे तिथे ओट किंवा ताग यांसारखे लवकर उगवणारे पीक पेरणे मला सर्वांत चांगले वाटते, कारण त्याची मुळे माती धरून ठेवतात आणि पुढे ते मातीतच मिसळता येते.

गाडी मात्र ओल्या मातीवर मुळीच नेऊ नये. ओली चिकण माती चाकाखाली खोलवर दबते आणि ती दबलेली माती पुढे वर्षानुवर्षे मुळांना अडवते. गाडीसाठी कापडावर अधिक जाड खडीची स्वतंत्र पट्टी करावी. पेरणीसाठी माती मोकळी करायचीच असेल, तर वाफसा येण्याची वाट पाहावी : मुठीत दाबलेला गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर खोदावे, आणि तो लोण्यासारखा चेपला गेला तर आणखी काही दिवस थांबावे.