चार ते सात वर्षांच्या मुलांना आवाज आणि कंप समजावायला काय घेऊ? बजेट १००० रुपये (ठाणे)

मृण्मयी_कोलशेत
नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगमधली सात-आठ मुलं माझ्याकडे चित्रं काढायला येतात. वय चार ते सात. मागच्या खेपेला समोरच्यांकडे आरती झाली आणि एकीने विचारलं, "मावशी, घंटा थांबली की आवाज कुठे जातो?" मला याचं नीट उत्तर द्यायचंय. आवाज होतो तेव्हा काहीतरी थरथरत असतं, हे मुलांच्या हाताला कळावं, डोळ्यांना दिसावं आणि मग कागदावर उतरवता यावं. व्याख्या नको, मोबाइल नको.
एखादं वाद्य किंवा साहित्य सुचवा. एकूण बजेट १००० रुपये. घर दोन खोल्यांचं आहे, खालच्या मजल्यावरचे आजोबा आजारी असतात, त्यामुळे दणदणाटी काही नको.

तबलाप्रेमी_नौपाडा
डोळे मिटून तबला घ्या. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी घेतला, तांब्याचा डग्गा आणि शिसमचा तबला, साडेआठ हजार पडले. आज तो परीक्षा देतोय, दर वेळी पहिल्या श्रेणीत. तबल्याचं वेगळेपण सी. व्ही. रामन यांनी शास्त्राने दाखवलंय. साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली तर निघणारे वरचे सूर मूळ सुराशी मेळ खात नाहीत. तबल्याच्या शाईमुळे, म्हणजे मधल्या काळ्या गोलामुळे, पुडी (वरचं चामडं) मधोमध जड होते आणि तेच वरचे सूर मूळ सुराच्या दुपटीत, तिपटीत येऊन बसतात. म्हणून तबला सुरात लागतो. यावर त्यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये लिहिलंय. मुलांना डग्ग्याच्या भांड्यावर तळहात ठेवायला लावा, कंप म्हणजे काय ते तिथल्या तिथे कळेल.

मृण्मयी_कोलशेत
काका, माहिती फार छान, पण बजेट १००० आहे.

निनाद_खारघर
ऑनलाइन मिळणारं 'ध्वनी किट' अजिबात घेऊ नका. मी १८०० ला मागवलं. त्यात नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) प्लास्टिकचा! तो वाजणार कसा? ढोलकीचा कागद पहिल्याच दिवशी फाटला, परतही घेतलं नाही. त्यापेक्षा शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून खरा धातूचा नादकाटा आणा, दोन-अडीचशेत येतो. रबरावर किंवा चपलेच्या टाचेवर आपटा आणि टोक वाटीतल्या पाण्याला हलकेच टेकवा. पाणी उडतं. माझी मुलगी त्यापायी जेवायला उठत नव्हती. मात्र वाजता काटा काचेला आणि दातांना लावू द्यायचा नाही.

अनघाआजी_चरई
मृण्मयी बाळा, एक पैसा खर्च करू नकोस. पसरट पातेलं घे. काळी कचऱ्याची पिशवी कापून तोंडावर ताण आणि नाडीने गच्च बांध, अगदी सुरकुती राहता कामा नये. वर चिमूटभर बारीक मीठ पसर. मग मुलांना जवळ तोंड नेऊन "ऊऊऊ" करायला लाव. फुंकर नाही मारायची, नुसता सूर लावायचा. मीठ नाचायला लागतं. आवाज वरखाली केला की एका विशिष्ट सुरावर जास्त नाचतं. तो सूर प्रत्येकाने आपापला शोधायचा. माझ्या नातवंडांनी सगळी दुपार यात घालवली.
काळ्यावर पांढरं उठून दिसतं, म्हणून पिशवी काळीच घे.

शिल्पा_वाशी
आजींना +१. मिठाऐवजी रांगोळी घ्या, रंगीत. चित्राचा भाग आपोआप साधतो.

ऐरोलीची_आई
रांगोळी नको! ती दगडाची भुकटी असते. आठ मुलं तोंड जवळ नेऊन ओरडणार म्हणजे ती नाकातोंडात जाणार. माझ्या मुलाला दम्याचा त्रास आहे म्हणून कळकळीने सांगते. मीठ किंवा बारीक रवा वापरा. रव्यात हळद, बीट कालवून सुकवलं तर रंगही येतो.

शिल्पा_वाशी
आम्ही लहानपणापासून रोज दारात रांगोळी काढतोय, कुणाला काही झालं नाही.

ऐरोलीची_आई
दारात काढणं वेगळं आणि तोंडापाशी उडवणं वेगळं.

सचिन_घणसोली
हेच मीठ तबल्यावर टाकलं तर? पातेलं बांधायची कटकटच नको.

तबलाप्रेमी_नौपाडा
कृपा करून असलं काही करू नका. शाईत लोखंडाची भुकटी असते. आपल्या दमट हवेत त्यावर मीठ म्हणजे पुडीची वाट. एक पुडी बदलायला किती लागतात विचारून या.

निनाद_खारघर
मीठ ठीक आहे, पण ते कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून स्पीकरवर ओतण्याचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. दिसतं झकास, बोटं फुटल्यासारखं पीठ उभं राहून नाचतं. पण पाहिलेल्या व्हिडिओत खाली प्लास्टिक कसं लावायचं ते धड दाखवलंच नव्हतं. तीन हजारांचा स्पीकर गेला.

निवृत्त_मास्तर_कळवा
अनघाताईंनी सांगितलेल्या प्रयोगाला मोठी परंपरा आहे. जर्मनीत एर्न्स्ट क्लाडनी या माणसाने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला. पत्र्याचा जो भाग जोरात थरथरतो तिथून वाळू उडून जाते आणि जो भाग स्थिर राहतो तिथे साठते. त्यातून ताऱ्यासारख्या, जाळीसारख्या आकृत्या उमटतात. १७८७ साली त्याने त्या छापून प्रसिद्ध केल्या. आवाजाने स्वतः काढलेली चित्रंच म्हणा. मृण्मयीताई, तुमचा वर्ग चित्रांचा आहे, तेव्हा मुलांना आधी विचारा, "आता मीठ कुठे जमेल असं वाटतं?" त्यांना कागदावर गोल काढून अंदाजाने ठिपके द्यायला सांगा. मग प्रयोग करा आणि दुसऱ्या रंगाने खरे ठिपके द्या. नुसतं बघणं आणि बघून काढणं यात फार अंतर आहे, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं.
पिशवीवर क्लाडनीइतकी रेखीव आकृती येणार नाही, ती अपेक्षा मुलांना देऊ नका.

पूर्वा_नेरुळ
सगळ्यात स्वस्त म्हणजे काचेचे ग्लास, पाणी आणि चमचा. पाण्यात जलरंग कालवा, वाजवून झालं की त्याच पाण्याने चित्र रंगवा. पाणी जितकं जास्त तितका सूर खाली. जलतरंगच तो.

सचिन_घणसोली
उलटं लिहिलंय. पाणी जास्त तितका सूर वर जातो. मी आत्ता बाटलीत करून पाहिलं.

पूर्वा_नेरुळ
मीही आत्ताच वाजवून पाहिलं आणि खालीच जातो.

सचिन_घणसोली
बाटलीत पाणी भरा, मग बोला.

निवृत्त_मास्तर_कळवा
दोघांचंही बरोबर आहे. पूर्वाताई चमच्याने वाजवताहेत. तिथे काच थरथरते, पाणी वाढलं की तिच्यावरचा भार वाढतो, थरथर संथ होते, सूर उतरतो. सचिनराव, तुम्ही बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली असणार. तिथे आतली हवा थरथरते, पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते, थरथर जलद होते, सूर चढतो. हे दोन्ही प्रयोग मुलांना एकापाठोपाठ एक दाखवा. एकच बाटली, तेच पाणी, आणि सूर उलट दिशेला. कोण थरथरतंय हे त्यांना आपसूक शोधावं लागेल.

सचिन_घणसोली
हो, फुंकूनच पाहिलं होतं. मास्तर, हे शाळेत कुणी असं सांगितलं नव्हतं.

शांतता_कोपरी
चर्चा चांगली आहे, पण आधी मुलांच्या कानांचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. आपल्याकडे दहीहंडीच्या स्पीकरच्या भिंतींसमोर लोक तान्ही बाळं कडेवर घेऊन उभे असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलंय, पाळतं कोण? आमच्याकडे सरावाचे ढोल सुरू झाले की खिडकीची तावदानं वाजतात.

तबलाप्रेमी_नौपाडा
ढोलपथकाला नावं ठेवू नका. माझा पुतण्या पथकात आहे, वेळ पाळतात, कानात बोळे घालतात.

शांतता_कोपरी
पथकातल्यांच्या कानात बोळे असतात, पाळण्यातल्या बाळाच्या कानात नसतात.

पूर्वा_नेरुळ
यासाठी वेगळा धागा काढा ना. मृण्मयीला वाद्य हवंय.

गार्गीची_आई_सीवूड्स
मी सहसा लिहीत नाही, पण हा विषय मनाजवळचा आहे. माझ्या मुलीला जन्मतः ऐकू येत नव्हतं, आता कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) आहे. ऑपरेशनच्या आधी आम्ही तिच्या हातात फुगवलेला फुगा द्यायचो आणि शेजारी गाणं लावायचो. फुग्याची कातडी थरथरते, तळहातांना ठेका लागतो. ती फुगा गालाला लावून डोलायची. इव्हलिन ग्लेनी नावाच्या बहिऱ्या तालवादक आहेत, त्या रंगमंचावर अनवाणी वाजवतात, कारण कंप पायांतून येतात. तुमच्या मुलांना फुगा धरून डोळे मिटायला सांगा आणि हाताला जे लागलं ते खडूने काढायला सांगा. माझ्या मुलीने ढोलकीसाठी जाड लाल ठिपके काढले होते आणि बासरीसाठी काहीच नाही, कारण बासरी तिच्या हाताला पोचली नव्हती. आम्हाला त्या कागदावरून तिच्याबद्दल पुष्कळ कळलं.
फुगे पाच-दहा रुपयांत येतात.

अनघाआजी_चरई
गार्गीला माझे अनेक आशीर्वाद. मृण्मयी, फुगा नक्की कर हो.

रोहन_कासारवडवली
कलिंबा घ्या, धातूच्या पट्ट्या अंगठ्यांनी छेडून वाजवायचं छोटं वाद्य. १७ पट्ट्यांचा, मी २२०० ला घेतला, ऑफिसातून आलो की तासभर वाजवतो. अंगठ्याला पट्टी थरथरलेली कळते. लांब पट्टी खाली, आखूड पट्टी वर. आवाज गोड आणि हळू, आजोबांना त्रास नाही.

पूर्वा_नेरुळ
२२०० म्हणजे बजेटच्या दुपटीहून जास्त. हजारातही मिळतात म्हणे.

रोहन_कासारवडवली
मिळतात, पण स्वस्तातल्याची पट्टी खरखरते. घ्यायचं तर चांगलंच घ्यावं.

विक्रमगडकर
आता ठाण्यात राहतो, मूळ जव्हार-विक्रमगडकडचा. २०१४ पर्यंत तो सगळा ठाणे जिल्हाच होता. तुम्ही चित्रं शिकवता तर तारप्याकडे बघा, वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. वारली चित्रात तारपावाला मध्ये असतो आणि नाचणारी माणसं त्याच्याभोवती गोल-गोल वळत जातात. मला तर लहानपणापासून वाटत आलंय की त्या चित्रात आवाजच पसरताना दाखवलाय. मुलांना मध्ये एक वाद्य काढायला सांगा आणि भोवती वळत जाणाऱ्या रेघा. जवळच्या दाट, लांबच्या विरळ. तारपा विकत मिळवणं कठीण, पण भोपळ्याला, सुकलेल्या फळाला हात लावून बघता येतं.

शिल्पा_वाशी
सुंदर सुचवलंत.

दीपक_मुंब्रा
एकतारी किंवा तुणतुणं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, घेऊ नका. गावी आमच्या घरी गोंधळाचं तुणतुणं होतं. एकच तार, एकच सूर, मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. पावसात चामडं सैल होतं ते वेगळंच. त्यापेक्षा छोटा कीबोर्ड घ्या, साडेतीन-चार हजारांत येतो, शंभर आवाज आहेत.

निवृत्त_मास्तर_कळवा
कीबोर्डात मुलाला थरथरणारं काय दिसणार?

तबलाप्रेमी_नौपाडा
म्हणून तर म्हणतो, तबला.

निनाद_खारघर
मास्तर, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, वाशीहून एकच स्टेशन. वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, तिथे हाताळायची यंत्रं असतात. मुलांना तिकडेच न्यावं असं नाही का वाटत?

ऐरोलीची_आई
आठ मुलं, लोकलचा प्रवास आणि सोबत एकटी मृण्मयी? मोठी झाल्यावर नेऊ.

मृण्मयी_कोलशेत
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखुणा साठवून ठेवल्यात. पातेलं-मीठ, फुगा आणि मास्तरांचे अंदाजाचे ठिपके करणारच आहे, त्याला खर्चच नाही. विकत मात्र मी तुणतुणं आणलं. दादरला मिळालं, ७५० रुपये.
दीपकदादा, एकच तार आहे म्हणूनच घेतलं. दुकानात मी तार छेडली तेव्हा ती मधोमध फुगलेली, धूसर दिसली. बोट टेकवलं की आवाज आणि फुगवटा एकदमच नाहीसे. खालच्या चामड्यावर बोटाचं टोक ठेवलं तर तिथेही तीच थरथर. म्हणजे तारेने चामडं हलवलं, चामड्याने हवा. आणि खुंटी पिळली की सूर डोळ्यांदेखत चढतो. तबला, कलिंबा उत्तम आहेत, पण त्यात सूर आधीच लावून ठेवलेला असतो. इथे तो मुलाच्या मुठीत राहतो. काल घरी एकीला खुंटी फिरवायला दिली आणि दुसऱ्याला कागदावर रेघ ओढत जायला सांगितलं, सूर चढला की रेघ वर, उतरला की खाली. मग अदलाबदल. घंटेच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच दिलं: तारेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आता काय थांबलं?" ती म्हणाली, "हलणं थांबलं."
आवाज खालपर्यंत जात नाही, आजोबांना विचारून आले.

दीपक_मुंब्रा
चला, निदान पावसाळ्यात ते भिंतीला टांगू नका. सुक्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा.

अनघाआजी_चरई
खुंटी फार पिळू देऊ नकोस, तार तुटली तर डोळ्याला लागते. पिळताना मुलांची तोंडं लांब ठेव.

मृण्मयी_कोलशेत
हो आजी. खुंटीवर खडूने खूण केलीय, त्याच्या पुढे फिरवायची नाही असा नियम आहे. दुकानदाराने दोन जादा तारा दिल्यात.

तबलाप्रेमी_नौपाडा
मुलं सात वर्षांची झाली की तबल्याचा विचार जरूर करा. पुडी बघून घ्यायची असेल तर मी सोबत येईन.