मिस ब्रिलचं कपाट

लेखिका कॅथरीन मॅन्सफील्डची 'मिस ब्रिल' ही कथा आहे दर रविवारी गळ्यात फरचा पट्टा घालून बागेत जाणाऱ्या एका एकाकी बाईची. तिच्याबद्दल काहीजण म्हणतात की बाई भ्रमात रमलेली आहे, तिला वास्तव दिसतच नाही. मला हे अजिबात पटत नाही. दिसतं, सगळं दिसतं! बागेतल्या बाकांवर दर रविवारी येणारी ती गप्प, म्हातारी माणसं पाहून तिच्या मनात येतं, ही जणू आत्ताच अंधाऱ्या खोल्यांतून, अगदी कपाटांतून बाहेर आली असावीत. इतकी तीक्ष्ण नजर आहे तिची. फक्त त्या रांगेत ती स्वतःला धरत नाही. ते तरुण जोडपं तिच्यावर हसतं, मग ती नेहमीचा केकचा तुकडाही न घेता घरी येते, आणि तिची खोली कपाटासारखी आहे हे आपल्याला तेव्हा कळतं. तोच शब्द परत येतो. मी पहिल्यांदा वाचताना हे निसटलं होतं, दुसऱ्यांदा पोटात कालवलं.

आणखी एक. 1921च्या एका पत्रात मॅन्सफील्डने सांगितलंय की या कथेतल्या प्रत्येक वाक्याची लांबी, त्याचा नादसुद्धा तिने त्या बाईला, त्या दिवसाला, त्या क्षणाला शोभेल असा निवडला, आणि लिहून झाल्यावर कथा कितीतरी वेळा मोठ्याने वाचून पाहिली. तुम्हीही मोठ्याने वाचून बघा. सुरुवातीची वाक्यं कशी लाडात, लडिवाळपणे चालतात, आणि शेवटी ती न बघताच फर डब्यात ठेवून झाकण लावते तिथे सगळं किती झटकन आटोपतं. रडण्याचा आवाज तिला डब्यातून आल्यासारखा वाटतो. तो तिचाच आहे, हेही ती स्वतःला कळू देत नाही.