रोम दोन दिवसांत, आईसोबत: जमेल का?

प्रश्न: शुक्रवारी रात्री उशिरा पोहोचतोय, रविवारी रात्री परत. आई ६८ वर्षांची, चालते पण सावकाश. कोलोसियम, व्हॅटिकन, पँथिऑन एवढं तरी होईल का?

उत्तर १: होईल. व्हॅटिकन म्युझियम शनिवारीच उरका. रविवारी ते बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फुकट, पण ती रांग आईंना झेपणार नाही. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चसाठी खांदे, गुडघे झाकलेले हवेत.

उत्तर २: मीही आईला घेऊन गेले होते. कोलोसियमचं वेळेचं तिकीट आधीच काढा. शेजारच्या फोरमची, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाच्या अवशेषांची, वाट उंचसखल दगडांची आहे, आईचा पाय मुरगळता मुरगळता वाचला. वेळ राखा तो पँथिऑनसाठी, म्हणजे त्या प्राचीन रोमन मंदिरासाठी. ४३ मीटर उंच घुमट, मधोमध उघडं भोक. आम्ही गेलो तेव्हा पाऊस थेट आत पडत होता आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जात होता. आई कितीतरी वेळ मान वर करून उभी होती, हलायलाच तयार नाही!

उत्तर ३: बाटली सोबत ठेवा. रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचंच असतं, गार.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. फोरम वरूनच बघू. पँथिऑन रविवारी सकाळी, निवांत.