मदत हवी आहे: आमचा कुत्रा गेला, मुलांना काय आणि कसं सांगू?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप पळणारी. आज प्रश्न घेऊन आलेय.

आमचा बंड्या मागच्या आठवड्यात गेला. गावठी, काळा, एक कान कायम पडलेला. लग्नानंतर लगेचच नवऱ्याने पार्किंगमधून उचलून आणलेला, म्हणजे दोन्ही मुलांच्या आधीचा. वर्षाहून जास्त काळ किडनीचं दुखणं चालू होतं. रक्ततपासण्या, सलाइन, वेगळं जेवण, सगळं केलं. शेवटी त्याने खाणंपिणं सोडलं, उलट्या थांबेनात, तेव्हा डॉक्टरांशी बोलून इंजेक्शन द्यायचं ठरवलं. आम्हा दोघांचं आम्ही बघतोय. प्रश्न मुलांचा आहे.

धाकटी पावणेपाच वर्षांची. तिला सांगितलं, बंड्या देवाघरी गेला. तिने विचारलं, "परत कधी येणार?" आम्ही गप्प. मग तिचं तिनेच उत्तर काढलं. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. बाप्पा जातो, आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो आणि तो येतो. म्हणजे बंड्यापण येणार! शेजारच्या काकूंनाही हे सांगून आलीये. गणपती तोंडावर आलेत. विसर्जनाला ही बंड्याचं नाव घेणार हे नक्की, तेव्हा मी काय बोलू? त्यात तिच्या कानावर गेलंय की डॉक्टरांनी सुई दिली आणि बंड्या मेला. तिचं पाच वर्षांचं बूस्टर जवळ आलंय. डॉक्टर-डॉक्टर खेळताना ती बाहुलीला सुई देऊ देत नाही.

मोठा आठ वर्षांचा. तो शाळेत असताना सगळं झालं. सासवडजवळ सासऱ्यांचं शेत आहे, तिथे बंड्याला पुरलं. मोठा अजून रडलेला नाही. परवा रात्री बाबाला म्हणाला, "मनुके कुत्र्याच्या किडनीला विष असतात ना?" पूजेच्या शिऱ्यातले मनुके त्याला आवडत नाहीत, ते तो टेबलाखाली बंड्याला द्यायचा. कुठल्याशा व्हिडिओत त्याने हे ऐकलं. बाबा म्हणाला, "छे रे, असं काही नसतं." तर म्हणतो, "खोटं नको बोलूस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

सासूबाई म्हणतात, पोरांना शेतावर नेऊ नका, घाबरतील. नवऱ्याचे मित्र म्हणतात, नवीन पिल्लू आणा. मला काहीच सुचत नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

तिखटमीठ:
वाईट वाटलं गं. गणपतीचं वाचून हसूही आलं आणि घशात आवंढाही. तर्क बाकी बिनचूक आहे पोरीचा.

कुंपणावरचा_सरडा:
एवढा विचार करू नका. मुलं विसरतात. पिल्लू आणा, आठवड्यात घर पूर्ववत होईल. आमच्या लहानपणी कोण बसत होतं समजावत?

गाईचा_डॉक्टर:
ताई, मी पशुवैद्य आहे. आधी मोठ्याचं बघा, ते जास्त तातडीचं आहे.

त्याने ऐकलं ते खरं आहे. द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांच्या किडनीला घातक ठरू शकतात. 'असं काही नसतं' म्हटल्याने त्याचा बाबावरचा विश्वास गेला, शंका तशीच राहिली. म्हणून खरं आहे हे आधी कबूल करा आणि मग पुढचं सांगा. मनुक्यांची विषबाधा झाली तर कुत्र्याला साधारण दिवसभरात उलट्या सुरू होतात आणि किडनीचं नुकसान एक ते तीन दिवसांत दिसतं. ते एकदम होतं. बंड्याचं दुखणं म्हातारपणाचं, हळूहळू वाढत गेलेलं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीचं जवळपास पाऊण काम आधीच बंद पडलेलं असतं. म्हणजे तुम्हाला कळलं त्याच्याही पुष्कळ आधीपासून ते चालू होतं. त्याने मनुके दिल्यावर बंड्या लगेच आजारी पडला होता का, हे त्यालाच आठवायला सांगा. नसेल, तर उत्तर त्याचं त्याला मिळेल.

शक्य असेल तर त्याला तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून डॉक्टरांनाच समजावू दे. आठ वर्षांच्या मुलाला आकडे वाढत गेलेले कळतात. आईबाप समजूत घालतात असं त्याला वाटेल, डॉक्टरांबद्दल वाटणार नाही. पण 'मनुके दिलेस तरी चालतं' असं कुणीही म्हणू नका, पुढे दुसरा कुत्रा घरात येईल!

सुईबद्दल: आपल्या क्षेत्रातच सर्रास 'झोपवलं' म्हणतात. लहान मुलांसमोर तो शब्द टाळा, नाहीतर झोपायला घाबरणारी मुलं मी पाहिली आहेत. धाकटीला सांगा की ते औषध वेगळं होतं. भुलीचं औषध खूप जास्त मात्रेत देतात, ते फक्त बरं न होणाऱ्या, फार दुखणाऱ्या प्राण्यांसाठी असतं. मुलांची लस आजार होऊ नये म्हणून असते, त्या डॉक्टरांकडे हे औषध नसतंच.

गोधडी:
मी शाळेत समुपदेशक आहे. वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन.

धाकटी जे म्हणतेय ते तिच्या वयाला धरून आहे. मारिया नागी या हंगेरियन बाईंनी १९४८ मध्ये मुलांच्या मृत्यूविषयीच्या कल्पनांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन ते पाच वर्षांची मुलं मरणाला प्रवासासारखं किंवा झोपेसारखं, परत येण्याजोगं समजताना दिसली. मेलेलं परत येत नाही, त्याला भूक-थंडी-दुखणं काही नसतं, आणि सगळ्यांनाच कधीतरी मरण येतं, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतात. त्यामुळे एकदा सांगून होणार नाही. ती तोच प्रश्न पुन्हा विचारेल, तुम्ही तेच उत्तर तितक्याच शांतपणे द्यायचं: "बंड्या मेला. त्याचं शरीर चालायचं थांबलं. तो परत येणार नाही." 'मेला' शब्द आपल्याला टोचतो, मुलांना तो स्पष्ट वाटतो.

आणि मोठा रडत नाही म्हणजे त्याला दुःख नाही असं नाही. या वयात 'माझ्यामुळे झालं' हे फार सहज डोक्यात बसतं आणि मुलं ते कुणाला सांगत नाहीत. त्याने सांगितलं, हे चांगलं लक्षण आहे. झोप, जेवण, शाळा यांत बरेच आठवडे फरक राहिला तर मात्र भेट घ्या कुणाची तरी. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

गणपतीचं: मी मुलांना मूर्ती दरवर्षी नवी येते, असं सांगायचे. एकदा एका मुलाने विचारलं, मग आजोबापण पेणहून नवे आणायचे का? तेव्हापासून बंद केलं. सरळ सांगा, बाप्पा देव आहे, तो जातो-येतो. माणसं, कुत्रे, चिमण्या यांचं तसं नसतं.

@सरडा, पिल्लू इतक्यात नको हो. धाकटीला वाटेल बंड्याच आला, आणि मोठ्याला वाटेल की हाही माझ्यामुळे मरेल.

कुंपणावरचा_सरडा:
बरं बाई. पण लहानपणी माझा बोका गेला तेव्हा घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं आणि मी जिवंत आहे, एवढंच म्हणायचं होतं.

तिखटमीठ:
@सरडा, बोक्याचं नाव काय होतं?

कुंपणावरचा_सरडा:
पिल्या. पंचेचाळीस वर्षं झाली.

माईआजी:
मुली, शब्दांवरून एवढं घाबरू नकोस. 'देवाघरी' म्हणालीस यात काही चुकलं नाही, फक्त 'परत येत नाही' हे त्याला जोडायचं. आमच्याकडे दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात. माझ्या नातीला मी दाखवते. नामदेव महाराजांची गोष्टही सांगते, कुत्र्याने पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. युधिष्ठिर तर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार नव्हता. आपल्याकडे कुत्र्याला जागा आहे, ती मुलांना दाखव.

शेतावर ने. आमच्या गावात गाय-बैल गेला की पोरंसोरं सगळी खड्ड्यापाशी असायची. सासूबाईंनाच सोबत घेऊन जा, म्हणजे त्यांचाही प्रश्न मिटेल.

लंडनचा_पाऊस:
इथे ब्लू क्रॉस नावाच्या संस्थेची पाळीव प्राणी गेलेल्यांसाठी वेगळी सेवाच आहे, फोनवर बोलता येतं. आमची मांजर गेली तेव्हा मी फोन केला होता. त्यांनी मुलाला निरोप कसा घ्यायचाय हे त्यालाच विचारा असं सुचवलं. त्याने चित्र काढून तिच्या खोक्यात ठेवलं. तुमच्या मोठ्याला निरोप घ्यायला मिळालाच नाही, तेही त्याला लागलं असेल. शेतावर काय करायचं ते त्याला ठरवू द्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. लगेच उत्तर देऊ शकले नाही.

डॉक्टरांकडे मोठ्याला नेलं. त्यांनी रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि त्यालाच आकडे वाचायला लावले. त्याने विचारलं, "मनुके नसते दिले तर आणखी जगला असता?" डॉक्टर म्हणाले, "नाही. पण यापुढे कुठल्याच कुत्र्याला देऊ नकोस." गाडीत बसल्यावर रडला. खूप रडला. बाबाने 'माझंही चुकलं, मी खरं सांगायला हवं होतं' म्हटलं त्याला.

शेतावर रविवारी जायचंय. सासूबाईंना माईआजींचा प्रतिसाद वाचून दाखवला, म्हणाल्या, "मी येतेच, पण पोरं उन्हात नकोत." मोठ्याने ठरवलंय की बंड्याचा पट्टा तिथे ठेवायचा नाही, घरीच ठेवायचा. नेणार आहे ती त्याची चावून चोथा झालेली चप्पल. माझी चप्पल आहे ती, पण असो.

धाकटीला रोज तेच वाक्य सांगतेय. काल म्हणाली, "बाप्पा येतो, बंड्या येत नाही. मग बाप्पाला सांगायचं त्याला आण." आता याला काय उत्तर देऊ?

गोधडी:
"मलापण असंच वाटतं" एवढंच म्हणा. आणि बूस्टरच्या आधी एकदा रिकाम्याच क्लिनिकला नुसती चक्कर मारून या, सुईशिवाय. बालरोगतज्ज्ञांना आधी फोन करून बंड्याचं सांगून ठेवा, म्हणजे ते तिच्यासमोर 'काही होत नाही' म्हणून उडवून लावणार नाहीत.